पाकीट पोहोचले, पण ऐवज कुठे?

प्रतिनिधी

एका रुग्णालयाच्या संगणकावरून दुसऱ्या रुग्णालयाकडे एका रुग्णाचा तपासणी अहवाल रवाना होतो. पलीकडून क्षणार्धात उत्तर येते : 'यशस्वी'. पाठवणारा निश्चिंत होतो. तीन दिवसांनी डॉक्टर तो अहवाल उघडू पाहतात, तेव्हा 'फाइल खराब आहे' एवढाच निरोप पडद्यावर येतो. अहवाल पाठवणारी संस्था म्हणते, आमच्याकडून व्यवस्थित गेला, ही घ्या पावती. घेणारी म्हणते, आम्हाला आला तसा आम्ही ठेवला. प्रसंग कल्पित आहे. पण 'सोप' वेब सर्व्हिस सांभाळणाऱ्या कोणाही प्रोग्रामरला तो अपरिचित वाटणार नाही.

'वेब सर्व्हिस' म्हणजे दोन संगणकांनी माणसाच्या मध्यस्थीवाचून एकमेकांशी केलेला व्यवहार. त्यासाठी ज्या भाषा रूढ आहेत, त्यांपैकी सोप ही जुनी आणि भारदस्त भाषा. (साबणाशी तिचा संबंध नाही. 'सिम्पल ऑब्जेक्ट ॲक्सेस प्रोटोकॉल' या नावाची ती आद्याक्षरे. २००३ मध्ये १.२ ही आवृत्ती आली, तेव्हा हे लांबलचक नाव अधिकृतपणे सोडून देण्यात आले. त्यातला 'सिम्पल' हा शब्द गेल्याची खंत कोणाला वाटली नसावी.) नवी संकेतस्थळे आणि मोबाइल ॲप बहुतांशी 'रेस्ट' आणि 'जेसन'च्या सुटसुटीत मार्गाने जातात, हे खरे. मात्र जिथे सही, पुरावा आणि कायदा यांना महत्त्व आहे, तिथे सोप अद्याप ठाण मांडून आहे. ऑस्ट्रियाची 'एल्गा' ही राष्ट्रीय वैद्यकीय नोंदींची व्यवस्था ज्या 'एक्सडीएस' पद्धतीवर उभी आहे, तिच्यात अहवाल सोप संदेशांबरोबर फिरतात. युरोपात इलेक्ट्रॉनिक बिले वाहून नेणाऱ्या 'पेपोल' जाळ्याने १ फेब्रुवारी २०२० पासून 'एएस४' हा मार्ग सक्तीचा केला. तोही सोपवर बेतलेला असून बिलाची फाइल त्यात अटॅचमेंट म्हणूनच जाते. बेल्जियमने १ जानेवारी २०२६ पासून देशांतर्गत उद्योगांच्या आपसांतील बिलांना इलेक्ट्रॉनिक रूप बंधनकारक केले, ते याच जाळ्याच्या भरवशावर. तेव्हा अटॅचमेंट हरवते म्हणजे कोणाचा तरी अहवाल किंवा कोणाचे तरी येणे हरवते.

या गोंधळाचे मूळ ध्यानात घेतले, तर शोध पुष्कळ सोपा होतो. पलीकडून येणारे 'यशस्वी' हे उत्तर बहुधा पाकिटाची पोचपावती असते, आतल्या ऐवजाची नव्हे. पाकीट नीट वाचता आले, पत्ता बरोबर निघाला, की सर्व्हर समाधानाने मान डोलावतो. सोबतची फाइल कशी आहे, हे पाहण्याची सक्ती त्याच्यावर नसते. आणि फाइल बिघडते ती स्वतःच्या दोषाने क्वचितच. ती कशी बांधायची, याबद्दल दोन टोकांचा समज निराळा असतो, म्हणून बिघडते.

एक ऐवज, तीन बांधण्या

सोपचा संदेश म्हणजे 'एक्सएमएल'मध्ये लिहिलेले पत्र. त्याच्या बाह्य आवरणाला 'एन्व्हलप' असेच नाव आहे. एक्सएमएल मजकूर वाहून नेते. छायाचित्र किंवा पीडीएफ यांतील कच्चे बाइट तिच्यात जसेच्या तसे ठेवता येत नाहीत. ही अडचण सोडवण्याचे तीन मार्ग निघाले, आणि तिन्ही आजही वापरात असल्याने खरी पंचाईत आहे.

पहिला मार्ग 'बेस६४'चा. फाइलीतील दर ३ बाइटची ४ निरुपद्रवी अक्षरे करायची आणि ती अक्षरे पत्रातच लिहून टाकायची. त्यामुळे ३ लाख बाइटची फाइल ४ लाख अक्षरांची होते. वजन वाढते, पण ऐवज पाकिटातच राहतो.

दुसरा मार्ग ई-मेलकडून उसना घेतलेला. ई-मेलला फाइल जोडण्यासाठी 'माइम' ही पद्धत १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी मांडली होती. तिच्याच आधारे डिसेंबर २००० मध्ये 'सोप मेसेजेस विथ अटॅचमेंट्स' हा प्रस्ताव 'डब्ल्यू३सी' या संस्थेने टिपण म्हणून प्रसिद्ध केला. यात संदेशाचे अनेक भाग होतात. पहिल्या भागात पत्र, पुढच्या भागांत फाइली, आणि पत्रात फक्त 'अमुक क्रमांकाचे पार्सल पाहा' असा उल्लेख. मायक्रोसॉफ्टने याला पर्याय म्हणून 'डाइम' नावाची वेगळीच बांधणी पुढे आणली. ती काही वर्षांतच मागे पडली.

तिसरा मार्ग 'एमटॉम'चा. २५ जानेवारी २००५ रोजी डब्ल्यू३सीने त्याला शिफारशीचा दर्जा दिला. यात कागदोपत्री फाइल पाकिटातच असते, प्रवासात मात्र ती शेजारच्या डब्यात बसते. मुक्कामी पोहोचल्यावर तिला पुन्हा पाकिटातली मानायचे.

प्रवासात असताना दुसरी आणि तिसरी बांधणी जुळ्या भावांसारखी दिसतात. दोन्ही 'मल्टिपार्ट'च. फरक असतो तो पहिल्या ओळीतील 'टाइप' या घटकात : तिथे 'एक्सओपी' हा उल्लेख असेल तर एमटॉम, साधे 'टेक्स्ट-एक्सएमएल' असेल तर जुनी पद्धत. मायक्रोसॉफ्टच्या 'डब्ल्यूसीएफ'ला एमटॉम कळते, जुनी अटॅचमेंट पद्धत अंगभूत येत नाही. जावातील जुन्या 'अपाची ॲक्सिस'च्या पहिल्या पिढीचे याच्या उलट. पीएचपीबरोबर २००४ पासून येणाऱ्या 'सोपक्लायंट'ला दोन्ही परकी. अनेक भागांचे उत्तर आले, की आपल्याला एक्सएमएल दस्तऐवज मिळालाच नाही, अशी तक्रार करून तो थांबतो. ती तक्रार वाचून पलीकडच्या सर्व्हरला दोष देण्यात कित्येकांचे दिवस गेले आहेत. वस्तुतः सर्व्हरने एक्सएमएल पाठवलेले असते, ते वाचण्यापूर्वी पार्सलची दोरी सोडायला हवी, एवढेच त्या बिचाऱ्याला ठाऊक नसते.

साहजिकच पहिला प्रश्न हा, की समोरच्याला तीनपैकी कोणती बांधणी अपेक्षित आहे? सेवेचे वर्णन करणाऱ्या 'डब्ल्यूएसडीएल' फाइलीत याचे उत्तर असतेच असे नाही. ते फोन करून विचारणे हाच बहुधा जवळचा रस्ता ठरतो.

आकाराची साक्ष

बांधणी कोणती हे कळल्यावरही फाइल बिघडत असेल, तर पलीकडे पोहोचलेल्या फाइलीचा आकार बाइटमध्ये मोजून घ्यावा. 'सुमारे ३०० केबी' नव्हे, नेमके बाइट. आकाराइतका प्रामाणिक साक्षीदार या प्रकरणात दुसरा नाही.

आकार शून्य असेल, तर संशयित बहुधा पाठवणाऱ्याच्याच घरात सापडतो. फाइल वाचणारा 'स्ट्रीम' हा रांजणासारखा असतो, एकदा उपसला की रिकामा. पाठवण्यापूर्वी कोणी फाइलीची बेरीज काढण्यासाठी किंवा नोंद ठेवण्यासाठी तो वाचून टाकला आणि सुरुवातीला परत नेला नाही, तर प्रत्यक्ष पाठवताना हाती काहीच लागत नाही. चूक कुठेच दिसत नाही, कारण रिकामी फाइल पाठवणे हा गुन्हा नाही. घेणाऱ्या बाजूला याचे भावंड आढळते : जोडणी बंद झाल्यानंतर, किंवा तात्पुरती फाइल पुसली गेल्यानंतर अटॅचमेंट वाचायला घेणे.

आकार जेमतेम दहा-वीस बाइट असेल, तर पार्सलऐवजी पार्सलचा क्रमांकच फाइल म्हणून साठवला गेला आहे. एमटॉम सुरू न करता पत्रात नुसता 'सीआयडी' हा संदर्भ लिहिला, की पलीकडचा संगणक त्या अक्षरांनाच बेस६४ समजून उलगडतो. 'सोपयूआय' या चाचणीच्या साधनात हे हमखास घडते. तिथे फाइल जोडणे ही एक कृती, एमटॉमचा पर्याय चालू करणे ही दुसरी, आणि पत्रातल्या योग्य घटकाशी तिची गाठ मारणे ही तिसरी. पहिली करून लोक उठतात.

आकार मूळच्या बरोबर चार-तृतीयांश असेल, म्हणजे ३,००,००० बाइटचे ४,००,००० झाले असतील, तर बेस६४ दोनदा झाले व एकदाच उलगडले. प्रोग्रामरने स्वतः फाइलीची अक्षरे केली आणि त्याच्या खालच्या लायब्ररीने आपले कर्तव्य म्हणून ती पुन्हा केली. खात्री करायची तर मिळालेली फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडावी. पीडीएफ नेहमी टक्क्याचे चिन्ह आणि पी, डी, एफ या अक्षरांनी सुरू होते. त्याऐवजी जे, व्ही, बी, ई, आर अशी सुरुवात दिसली, तर ते न उलगडलेले बेस६४ आहे. हा दोष दुरुस्त करायला एक ओळ पुसणे पुरते.

लहान फाइली जातात आणि मोठ्या अडतात, हे लक्षण वेगळ्या जातीचे. इथे फाइल बिघडलेली नसते, नाक्यावर अडवलेली असते. डब्ल्यूसीएफ मुळात ६५,५३६ बाइटपर्यंतचाच संदेश स्वीकारते. बेस६४ची वाढ धरली, तर ४८ केबीच्या वरची फाइल त्यात मावत नाही. 'एनजिनएक्स' हा मध्यस्थ सर्व्हर १ एमबीवर हात आडवा करतो. एएसपी डॉट नेटची मूळ मर्यादा ४,०९६ केबी, तर आयआयएसची ३,००,००,००० बाइट. हे सारे नाके एकाच रस्त्यावर एकामागून एक असू शकतात आणि सर्वांत अरुंद नाक्याचीच आज्ञा चालते. त्यामुळे एकाची मर्यादा वाढवूनही '४१३' हा नकार कायम राहिला, तर वैतागू नये; पुढचा नाका शोधावा. मर्यादा बेसुमार वाढवणे हाही उपाय नव्हे. डॉट नेटमध्ये ३० एमबीची फाइल बेस६४ करून एका स्ट्रिंगमध्ये धरली, तर ती स्मृतीत ८० एमबी जागा खाते. अशा दहा विनंत्या एकदम आल्या, की सर्व्हरच आडवा.

गाठी आणि नावे

अनेक भागांचा संदेश एका ठरलेल्या सीमारेषेने विभागलेला असतो. तिला 'बाउंड्री' म्हणतात आणि ती संदेशाच्या शीर्षकात जाहीर करावी लागते. प्रोग्रामर शीर्षक हाताने लिहितो, 'मल्टिपार्ट' एवढेच टाइप करतो आणि लायब्ररीने घातलेली बाउंड्री नकळत पुसून टाकतो. मग घेणाऱ्याला पत्र कुठे संपले व पार्सल कुठे सुरू झाले हे कळायला मार्ग उरत नाही. शेवटच्या सीमारेषेनंतर दोन आडव्या रेघा जादा असतात. त्या नसतील, तर काही सर्व्हर संदेश अर्धवट समजून फेकून देतात.

पार्सलच्या क्रमांकाची कथाही अशीच. पार्सलवर तो कोनी कंसात लिहायचा, पत्रात मात्र कंसांशिवाय. पत्रातल्या क्रमांकातील विशेष चिन्हे टक्क्याच्या सांकेतिक रूपात जातात, पार्सलवर ती तशीच राहतात. काही लायब्ररी हा संकेत उलगडताना अधिकच्या चिन्हाची मोकळी जागा करून टाकतात. क्रमांक डोळ्यांना सारखेच दिसतात, पण संगणकाला ते जुळत नाहीत आणि 'अटॅचमेंट सापडली नाही' असे उत्तर येते, ती सोबत येऊन बसलेली असतानाही!

मराठी वाचकांना जवळचा वाटेल असा मुद्दा फाइलीच्या नावाचा. माइमचे शीर्षक मुळात इंग्रजी मुळाक्षरांसाठी आखलेले आहे. त्यात देवनागरी नाव घालण्यासाठी १९९७ पासून ठरावीक पद्धत आहे, पण सर्वच साधने ती पाळत नाहीत. 'सातबारा' या नावात काना धरून ७ चिन्हे आहेत. यूटीएफ-८ मध्ये त्यांचे २१ बाइट होतात आणि टक्क्याच्या संकेतात ६३ अक्षरे. एखाद्या जुन्या सर्व्हरला हे झेपत नाही. तो नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग ठेवतो किंवा संपूर्ण भागच नाकारतो. शीर्षकात इंग्रजी अक्षरांतला साधा क्रमांक द्यावा आणि मराठी नाव पत्राच्या एक्सएमएलमध्ये स्वतंत्रपणे लिहावे. तिथे देवनागरीला कोणतीही अडचण नसते.

जावा वापरणाऱ्यांच्या वाट्याला अलीकडे आणखी एक त्रास आला. अटॅचमेंट हाताळणारा 'ॲक्टिव्हेशन' हा भाग २०१८ मधील जावा ११ मधून काढून टाकण्यात आला. त्यामुळे वर्षानुवर्षे चालणारा क्लायंट नव्या जावावर चढवताच 'डेटाहँडलर सापडत नाही' म्हणून कोसळतो. तो भाग वेगळा जोडता येतो. मात्र जुन्या 'जावाएक्स' नावाचा आणि नव्या 'जकार्ता' नावाचा डेटाहँडलर या दोन निराळ्या वस्तू आहेत. एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

सहीचा प्रश्न

डिजिटल सही असलेल्या संदेशात क्रमाला महत्त्व येते. एएस४ मध्ये फाइल आधी आकुंचित करायची, मग सही, मग कुलूप. क्रम चुकला, की फाइल धडधाकट असूनही सही खोटी ठरते. एमटॉममध्ये सहीचा हिशोब फाइल पाकिटातच आहे असे मानून होतो. त्यामुळे बेस६४च्या अक्षरांत ओळी मोडून सही केली आणि प्रवासासाठी फाइल बाहेर काढली, तर परतताना त्या ओळी उरत नाहीत व सही जुळत नाही. अमेरिकेच्या महसूल खात्याकडे २०१६ मध्ये उद्योगांनी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याची विवरणे पाठवायला घेतली, तेव्हा सही, एमटॉम आणि आकुंचन ही तिन्ही एकाच संदेशात हवी होती. डब्ल्यूसीएफमध्ये ती सहज एकत्र नांदत नसल्याने अनेकांना स्वतःचा एन्कोडर लिहावा लागला. त्या व्यवस्थेची एक गोष्ट मात्र अनुकरणीय आहे : सोबतच्या फाइलीचे नेमके बाइट आणि तिच्यावरून काढलेली बेरीज पत्रातच मागितली जाते. एक्सडीएसमध्येही दस्तऐवजाच्या माहितीत आकार आणि 'हॅश' यांना जागा आहे. पाकीट आणि ऐवज यांची पावती एकत्र करण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही, आणि नवी सेवा लिहिताना तो नेमका विसरला जातो.

२५६ बाइटची परीक्षा

शोध घेताना नोंदवहीवर, म्हणजे 'लॉग'वर, फार विसंबू नये. काही साधने एमटॉमचा संदेशही नोंदीत सलग बेस६४ दाखवतात, कारण त्यांच्या लेखी फाइल पाकिटातच असते. तारेवरून खरोखर काय गेले, हे मध्ये बसून पाहणाऱ्या 'फिडलर'सारख्या साधनानेच कळते. अर्थात असे पाहताना खऱ्या रुग्णाचा अहवाल वापरणे गैर आहे. परीक्षेसाठी फाइल बनवावी.

ही फाइल फक्त २५६ बाइटची असावी आणि तिच्यात ० ते २५५ हे सर्व बाइट ओळीने एकेकदा यावेत. कोणत्याही भाषेत चार ओळींच्या प्रोग्रामने ती तयार होते. ती पाठवावी आणि पलीकडे किती बाइट मिळाले ते विचारावे. २५६ मिळाले, तर रस्ता बहुधा स्वच्छ आहे. हॅश जुळवून खात्री करावी. २५७ मिळाले, तर वाटेत कोणीतरी फाइलीला मजकूर समजून ओळ संपवण्याची खूण बदलली. ३४४ म्हणजे बेस६४ उलगडायचे राहून गेले. ३८४ म्हणजे बाइटना लॅटिन अक्षरे समजून यूटीएफ-८ मध्ये लिहिले गेले, हा बिघाड निदान उलटा फिरवता येतो. ५१२ आले, तर बातमी वाईट : बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचले गेले, वरच्या १२८ बाइटपैकी प्रत्येकाच्या जागी 'अक्षर कळले नाही' असे सांगणारी तीन बाइटची खूण बसली आणि मूळ ऐवज कायमचा गेला. साठवलेल्या फाइलींतून तो परत मिळत नाही. सगळ्या नव्याने मागवाव्या लागतात. आणि शून्य आले, तर पहिलाच शून्य बाइट पाहून कोणीतरी मजकूर संपला असे मानले.

प्रस्तुत प्रतिनिधीने ही परीक्षा एका परिचित प्रोग्रामरच्या शेजारी बसून पाहिली. दोन संस्था तीन आठवडे एकमेकींकडे बोट दाखवत होत्या. ई-मेलची संख्या साठावर गेली होती. पहिल्याच फेरीत आकडा आला ५१२. दोष दोन्ही टोकांना नव्हताच. मध्ये बसवलेला एक छोटा प्रोग्राम प्रत्येक संदेश नोंदीसाठी मजकूर म्हणून वाचत होता आणि वाचलेलाच पुढे पाठवत होता. बेस६४चे संदेश त्यातून सुखरूप जात असल्याने एमटॉम सुरू होईपर्यंत कोणाला पत्ताही लागला नाही. दुरुस्तीला दहा मिनिटे लागली. त्यानंतरचा आठवडा दरम्यानच्या काळात आलेल्या फाइली एकेक करून पुन्हा मागवण्यात गेला.